अक्षराखालचा आकडा

"ई जे के बी एच," हेडफोनमधला आवाज म्हणाला.

मी बाणाची कळ दाबून एक शब्द मागे गेले आणि परत पुढे आले. "ई जे के बी एच." पुढचा शब्द तर त्याला अजिबात उच्चारता येईना. चार इंग्रजी अक्षरं, एक कंस आणि एक स्वल्पविराम त्याने अडखळत म्हणून दाखवला आणि गप्प बसला.

मी उजवा कान मोकळा केला. शेजारच्या टेबलावर सोनटक्के नावाचे दुसरे उमेदवार बसले होते. त्यांच्या खुर्चीचा करकर आवाज आला.

"मॅडम," ते म्हणाले, "हे काय बोलायलंय हो? इंग्रजीत बरळायलंय."

ही गोष्ट २००९ च्या मार्चमधली. पुण्यातल्या पूरक वाचन मंडळात संपादन सहायकाची एक जागा निघाली होती. शाळेतल्या मुलांसाठी गोष्टींची, माहितीची पुस्तकं काढणारं हे मंडळ निम्मं सरकारी होतं. जागा दृष्टिहीन उमेदवारांसाठी राखीव होती. अर्ज नऊ आले, कागदपत्रांच्या छाननीत सात गळाले आणि उरलो आम्ही दोघं. मी वैजयंता बर्गे, कोरेगावची, तेव्हा सव्वीस वर्षांची. नऊ वर्षांची असताना तापात डोळे गेले. त्यानंतर शाळा, कॉलेज, एम. ए. मराठी, शिवाय संगणकाचा कोर्स, सगळं झालं. कोर्सला मी पहिली आले होते आणि ते मी लोकांना सांगायचे. कुणी विचारलं नाही तरी सांगायचे.

परीक्षा दोन तासांची. दीड पानाचा उतारा संगणकावर दिलेला असणार होता. त्यात घातलेल्या बारा चुका शोधायच्या, त्या सुधारून शुद्ध प्रत तयार करायची आणि खाली दहा ओळींत सारांश लिहायचा. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम दोन्ही संगणकांवर टाकलेला होता. तेव्हा त्यात मराठी आवाज नव्हता. हिंदी होता, तो मराठी जरा आखडून वाचायचा. पण अक्षर न् अक्षर सुटं करून ऐकवायचा, वेलांटी पहिली की दुसरी ते सांगायचा. आम्हाला तेवढं पुरे होतं.

निवड समितीच्या प्रमुख डॉ. रोहिणी परचुरे माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. "काय अडचण आहे?"

"मॅडम, फाइल मराठीत नाही."

"नाही कशी? मला समोर दिसतंय. 'मराठी शुद्धलेखन व संपादन.' अगदी स्वच्छ आहे." मग त्यांनी हाक मारली, "खंडागळे, यांच्या हेडफोनचं काही बिघडलंय का बघा."

कार्यालयाचे अधीक्षक खंडागळे आले. संगणक त्यांनीच मांडले होते. त्यांनी माझा हेडफोन कानाला लावून पाहिला, वायर हलवली. "आवाज येतोय की, बाई."

"आवाज येतोय. तो म्हणतोय ते ऐका."

त्यांनी पुन्हा ऐकलं. "तुमचं मशिन चुकीचं वाचतंय."

"मशिन बरोबर वाचतंय," मी म्हणाले. "तुम्ही एक करा. पहिल्या शब्दाचा फॉन्ट बदला. कुठलाही साधा इंग्रजी फॉन्ट लावा."

"परीक्षेची फाइल आहे. छेडछाड करता येणार नाही."

"खंडागळे, बदला," परचुरे मॅडम म्हणाल्या.

माउसचे दोन-तीन टिचके ऐकू आले.

"आता पडद्यावर काय दिसतंय?" मी विचारलं.

परचुरे मॅडमनी एकेक अक्षर वाचलं. "ई. जे. के. बी. एच."

सोनटक्के फस्सकन हसले.

मी समजावून सांगितलं, आणि खरं सांगायचं तर मला ते सांगताना मजा येत होती. संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला आकडा कळतो. प्रत्येक अक्षराचा एक आकडा ठरलेला असतो. इंग्रजी लहान ई म्हणजे एकशे एक. आपला म म्हणजे दोन हजार तीनशे पन्नास. हा मराठीचा आकडा नंतर ठरला. त्याआधी छपाईवाल्यांनी एक युक्ती केली होती. आकडा एकशे एकच ठेवायचा आणि फॉन्टमध्ये ईच्या जागी म चं चित्र बसवायचं. डोळ्यांनी पाहणाऱ्याला म दिसतो. आतमध्ये मात्र ई असते.

"म्हणजे मंडळाच्या सगळ्या फाइली..." परचुरे मॅडम हळूच म्हणाल्या.

"याच फॉन्टमध्ये असतील तर त्या मराठीत नाहीतच, मॅडम."

त्यांनी लगेच फोन लावला. टाइपसेटिंग करणारा माणूस सोलापूरला लग्नाला गेला होता, सोमवारी येणार होता. सोमवारपर्यंत थांबता येत नव्हतं. त्या दिवशी शुक्रवार होता, सत्तावीस तारीख. एकतीसपर्यंत नाव कळवलं नाही तर जागेची मंजुरी संपत होती, आणि ती पुन्हा कधी मिळेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हे खंडागळ्यांनीच सांगितलं.

"मग एक मार्ग आहे," परचुरे मॅडम म्हणाल्या. "मी उतारा मोठ्याने वाचते. तुम्ही दोघं ऐका आणि चुका सांगा."

"चालेल की," सोनटक्के म्हणाले. त्यांचा आवाज दमलेला होता.

"नाही चालणार," मी म्हणाले.

"का?"

"मॅडम, पहिलं वाक्य वाचा ना."

त्यांनी वाचलं. "'गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल तीन दिवसांच्या शिबिरासाठी डोंगरात गेली.'"

"आता सांगा, यात 'शिबिर'मधल्या श ची वेलांटी कशी काढलीये?"

त्या म्हणाल्या, "दीर्घ आहे. चुकीची." आणि थोड्या वेळाने, "मी ऱ्हस्वच वाचली, नाही का?"

"माणूस चूक वाचत नाही, मॅडम. तो वाचता वाचता दुरुस्त करतो. तुमच्यासारखा जाणता माणूस तर नक्कीच. आम्हाला चुका ऐकूच येणार नाहीत."

"मग तुमचं म्हणणं काय?"

मला ते एक वाक्य म्हणायचं होतं. त्या खोलीत शिरल्यापासून जणू मी त्याचीच वाट बघत होते.

"मला पाऊण तास द्या. मी फाइल मराठीत आणते."

खंडागळे हसले. "पाऊण तास परीक्षेच्या वेळेतून जाईल, बाई."

"जाऊ दे."

हे धाडस वाटेल, पण मी हवेत बोलत नव्हते. आमच्या तालुक्यातलं एक साप्ताहिक याच जातीच्या फॉन्टमध्ये निघायचं आणि त्याचा संपादक मला दर आठवड्याला फाइल पाठवायचा. ती ऐकता यावी म्हणून मी आधीच्या वर्षी सहा महिने खपून एक तक्ता बनवला होता. माझी धाकटी बहीण शैला पडद्यावर दिसेल ते अक्षर सांगायची आणि मी त्याच्याखालचा आकडा ऐकायचे. "म." एकशे एक. "र." एकशे सहा. "काना." एकशे सात. "ठ." सहासष्ट. "अर्धा ल." एकोणनव्वद. असे सव्वाशेच्या वर आकडे झाले होते. कागदावर लिहून मला उपयोग नव्हता, म्हणून ते पाठ केले होते. लोकांना पाढे असतात तसे.

लिहायला वेगळं काही लागत नव्हतं. वर्डमध्येच छोटा प्रोग्रॅम लिहायची सोय असते. त्यात दोन आज्ञा आहेत. एकीला अक्षर दिलं की ती आकडा देते, दुसरीला आकडा दिला की ती अक्षर देते. जुन्या अक्षराचा आकडा काढायचा, तक्त्यात त्याच्यासमोर कोणता आकडा आहे ते पाहायचं आणि त्याचं अक्षर करून ठेवायचं. पाहायला गेलं तर एवढंच. कटकट पहिल्या वेलांटीची होती. जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती डावीकडे दिसते. खऱ्या मराठीत ती अक्षराच्या नंतर येते, कारण आपण क म्हणतो आणि मग इ म्हणतो. म्हणजे प्रत्येक वेलांटी उचलून पुढच्या अक्षराच्या पलीकडे नेऊन ठेवायची. पुढे जोडाक्षर असेल तर आख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडे. रफाराचं याच्या उलट.

मी टाइप करायला लागले. माझी बोटं तेव्हा फार वेगवान होती. परचुरे मॅडम मागून हलल्या नाहीत. खंडागळे दोनदा आत-बाहेर करून आले. शेजारून मात्र एकही कळ वाजत नव्हती. सोनटक्के नुसते बसून होते.

त्यांच्याबद्दल मला सकाळी बाहेरच्या बाकावर कळलं होतं. हिंगोलीकडचे, चौतीस-पस्तिशीचे वाटले होते आवाजावरून, पण पंचेचाळीस पूर्ण होत आले होते. अंध मुलांच्या एका निवासी शाळेत चौदा वर्षं मराठी शिकवत होते, मानधनावर. जूनमध्ये ते झाले की सरकारी वयाची अट संपत होती. संगणक त्यांनी दीड वर्षापूर्वी हातात घेतला होता. "ब्रेलमध्ये मी घोडा आहे," ते म्हणाले होते, "ह्याच्यावर आपलं खेचर."

बारा वाजायला दहा मिनिटं असताना मी प्रोग्रॅम चालवला. पहिल्यांदा तो मध्येच अडकला. एका ओळीत कंस मिटवायचा राहिला होता. दुसऱ्यांदा चालवला. मी फाइलच्या सुरुवातीला गेले आणि बाणाची कळ दाबली.

"मराठी शुद्धलेखन व संपादन," हेडफोन म्हणाला.

मी वायर काढली. तोच आवाज स्पीकरवरून सगळ्यांना ऐकवला. सबंध पहिलं वाक्य. त्यातला दीर्घ शी मी सुटा करून ऐकवला. परचुरे मॅडमच्या तोंडून "अरे वा" निघालं. खंडागळे म्हणाले, "जमलं की!" आणि लगेच घड्याळाकडे वळले असावेत. "एक तास दहा मिनिटं आहेत तुमच्याकडे."

आणि तेव्हा मला शेजारून आवाज आला. कट्, कट्, कट्. पांढऱ्या काठीचे सांधे सरळ करून बसवण्याचा. सोनटक्के काठी उघडत होते. ते निघाले होते.

"सर, बसा," मी म्हणाले.

"बसून काय करू, ताई? तुमचं चालू द्या. उत्तम केलंत तुम्ही."

मी परचुरे मॅडमना म्हणाले, "ही फाइल त्यांच्याही संगणकावर टाका."

आधी खंडागळे बोलले. "बाई, जागा एकच आहे."

"माहीत आहे."

"तुम्ही एकमेकांचे स्पर्धक आहात."

"म्हणूनच. ही परीक्षा मराठीची आहे ना? मग दोघांना मराठीच उतारा मिळायला हवा."

परचुरे मॅडमनी विचारलं, "बर्गे, नीट विचार केलाय?"

"केलाय."

"खंडागळे, पेन ड्राइव्ह आणा. वेळ आत्तापासून मोजा, दोघांनाही दीड तास. मी तसं टिपणात लिहिते आणि सही करते."

सोनटक्क्यांनी काठीची घडी घातली आणि खाली ठेवली. दोन मिनिटांनी त्यांच्या कळा वाजायला लागल्या. एक कळ, थोडा थांबा, एक कळ. मी मनातल्या मनात हिशेब केला. या वेगाने त्यांचा सारांशही पुरा होणार नव्हता.

उतारा सोपा होता. मुलांचं शिबिर, सह्याद्रीतलं भटकणं, रात्रीची शेकोटी, करपलेला भात. बारापैकी नऊ चुका मी पहिल्या वाचनातच पकडल्या. उरलेल्या तीन दुसऱ्या वाचनात. एक-दोन ठिकाणी हिंदी आवाज आखडला. पण तो आखडायचाच, विशेषतः खास आपल्या मराठी अक्षरांवर. मी पुढे गेले. सारांश लिहिला, तो तीनदा ऐकला, आणि वेळ संपायला वीस मिनिटं असताना हात मांडीवर ठेवून बसले.

बाहेर शैला बाकावर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती जिन्यावरच थांबली.

"देऊन आलीस? फुकट?"

"दिली."

"ताई, तो तक्ता बनवायला आपल्या दोघींचे सहा महिने गेले होते. माझी बारावीची सुट्टी गेली होती त्यात."

तेवढ्यात मागून काठीचा टकटक आवाज आला. सोनटक्के होते. "बर्गेताई, तुमचे हे उपकार मी..."

"उपकार नाहीत, सर," मी म्हणाले आणि शैलाचा हात धरून उतरले. मला घाईच झाली होती. त्यांनी आभार मानलेले मला नको होते.

सोमवारी दुपारी परचुरे मॅडमचा फोन आला. निकाल फोनवर सांगण्याऐवजी भेटून सांगायचा आहे, उद्या सकाळी येता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी शैलाला म्हणाले, नेमणुकीचं पत्र हातात देणार असतील.

मंगळवारी सकाळी त्यांच्या खोलीत आम्ही तिघीच होतो. त्यांनी चहा मागवला. तो येईपर्यंत त्या नुसते कागद चाळत होत्या, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

"तुम्हाला अठ्ठ्याऐंशी गुण आहेत," त्या म्हणाल्या. "सोनटक्के यांना नव्वद."

मी कप खाली ठेवला.

"त्यांचा सारांश पूर्ण होता?"

"सहा ओळींचाच. तिथे त्यांचे गुण गेले. पण शुद्ध प्रतीत एकही चूक नाही. तुमच्या प्रतीत दोन राहिल्या."

"बाराच्या बारा सुधारल्यात मी."

"सुधारल्यात. या दोन वेगळ्या आहेत." कागद उलटल्याचा आवाज आला. "तुमच्या प्रतीत आहे, 'आम्ही सह्याद्रीच्या दर्यांत उतरलो.' आणि खाली, 'आचार्यांनी भात करपवला.'"

शैलाला हसू आवरेना. मग तिच्या लक्षात आलं आणि ती गप्प झाली.

सह्याद्रीच्या समुद्रात. आणि भात करपवला तो थोर गुरुजींनी.

"मूळ फाइलमध्ये काय आहे?" मी विचारलं.

"मूळ फाइलमध्ये बरोबर आहे. दऱ्यांत, आणि आचाऱ्यांनी. तो आडवा, मिशीसारखा र."

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. शैला तक्त्यासाठी अक्षरं सांगत होती तेव्हा सूर्यातल्या र लाही ती "अर्धा र" म्हणाली होती आणि दऱ्यातल्या र लाही "अर्धा र"च म्हणाली होती. तिची काही चूक नव्हती. मी विचारायला हवं होतं. नेहमीच्या र चा आकडा दोन हजार तीनशे बावन्न. या दुसऱ्या ऱ चा त्रेपन्न. माझ्या तक्त्यात दोघांसमोर बावन्नच होता.

आणि ते मला ऐकू आलं होतं. आवाज आखडला होता तो तिथेच. अक्षरावर उभं राहून एक कळ तीनदा दाबली असती तर प्रोग्रॅमने तो आकडा मला सांगितला असता. मी दाबली नाही. तक्ता माझा होता, म्हणून दोष आवाजाचा असणार असं मी धरून चालले.

परचुरे मॅडम पुढे झुकल्या असाव्यात, आवाज जवळून आला. "म्हणून तुम्हाला बोलावलंय. सदोष फाइल आमची होती. ही चूक फाइल बदलताना झाली, तुमच्या शुद्धलेखनाची नाही. तुम्ही लेखी हरकत घेतलीत तर समिती ते चार गुण द्यायला तयार आहे. मी तशी शिफारस करीन. नाव आज संध्याकाळपर्यंत पाठवायचं आहे."

"मग मला ब्याण्णव होतील."

"होतील."

शैलाने टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

"सोनटक्क्यांना तर माझीच फाइल मिळाली होती," मी म्हणाले. "त्यांच्याही प्रतीत दर्याच आला असणार."

"आला होता. त्यांनी सुधारला. दोन्ही ठिकाणी. आणि खाली एक टीपही दिली आहे." त्यांनी वाचली. "'मूळ लेखकाने हे बरोबर लिहिले असावे. अक्षरे बदलताना हा दोष आला असण्याची शक्यता आहे. परंतु आचार्य भात करपवत नाहीत, म्हणून सुधारणा केली.'"

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"मॅडम, त्यांना ते कळलं ना?"

"हो."

"मग ती मराठीचीच चूक झाली. माझी. हरकत नाही घेत मी."

"बर्गे..."

"त्यांचं नाव पाठवा."

परतीच्या एस.टी.त शैला खंबाटकीच्या घाटापर्यंत माझ्याशी बोलली नाही. घाट चढताना म्हणाली, "तुला काय एवढं मोठं मन दाखवायची हौस आहे गं?" लोकांना ही गोष्ट सांगताना मी पुढे बरीच वर्षं तिचंच म्हणणं उचललं, मन मोठं होतं म्हणून. ते खरं नाही. खरं काय ते मी पहिल्यांदा सोनटक्क्यांनाच सांगितलं, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, त्यांचा फोन आला तेव्हा.

"बर्गेताई, मी सोनटक्के बोलतोय. वीस दिवस झाले मला रुजू होऊन. काम काहीच नाही."

"का?"

"सगळ्या फाइली त्याच जुन्या फॉन्टात. मला वाचायला काही येतच नाही. खंडागळे म्हणतात, सर, तुम्ही निवांत बसा, सही करा, पगार सुरू राहील. चौदा वर्षं मी पोरांना सांगत आलो, फुकटचं खाऊ नका म्हणून. आता मीच खायलोय. तुम्ही या. परचुरे मॅडमनी वर्षभराच्या करारावर माणूस घ्यायची परवानगी आणलीये."

"सर, त्याआधी एक सांगायचंय," मी म्हणाले. "त्या दिवशी मी तुम्हाला फाइल दिली ती चांगुलपणाने नाही दिली. संगणकावर आपण खेचर आहोत, असं तुम्हीच सांगितलं होतं सकाळी बाकावर. मला वाटलं, हे काय माझ्यापुढे टिकणार! नुसतं जिंकून मला भागणार नव्हतं. समोर माणूस बसलेला हवा होता मला."

ते हसले, अगदी मोकळं.

"मला ठाऊक होतं की, ताई."

"कसं काय?"

"तुम्ही टाइप करत होता ना, ते टाइप करणं ऐकत बसलो होतो मी पाऊण तास. ते जिंकलेल्या माणसाचं टाइप करणं होतं. मनात म्हटलं, ही पोरगी लई हुशार आहे. पण एवढ्या जोरात पळायली, काहीतरी पडणार हिच्या हातून. म्हणून मी शब्द न् शब्द तपासला."

मला राग यायला हवा होता. आला नाही. कितीतरी दिवसांनी मलाही मोकळं हसू आलं.

"किती पुस्तकं आहेत?" मी विचारलं.

"खंडागळे म्हणतात चारशे बारा."

"सोमवारी येते. तोवर कुणाला हात लावू देऊ नका."

त्या सोमवारी सकाळी साडेदहाला आम्ही कामाला बसलो. खोली लहान होती, दोन टेबलं समोरासमोर. मी आधी तक्त्यात बावन्नच्या खाली त्रेपन्न घातला. मग पहिलं पुस्तक घेतलं, तिसरीच्या मुलांसाठी जंगलाच्या गोष्टींचं. मी प्रोग्रॅम चालवला आणि सोनटक्के वाचायला लागले. घोडा नव्हे, खेचराच्याच चालीने, पण एक अक्षर न सोडता. दर दोन ओळींनी ते मला थांबवायचे. हे काय, ते काय, याचा आकडा ऐकवा. दुपारपर्यंत आमची चार वेळा भांडणं झाली. त्यातली तीन ते जिंकले.

चौदाव्या पानावर ते पुन्हा थांबले.

"ताई, इथं चूक आहे."

"काय आलंय?"

"'मोहोळ उठले आणि माशांनी गावकऱ्यांना पिटाळून लावले.'"

"गावकरी बरोबर आलेत?"

"गावकरी झकास आलेत. माशांनी बघा. मासा, मासे, माशांनी. माशी असेल तर माश्यांनी पाहिजे. हे मासे गावकऱ्यांना पळवायलेत."

मी प्रोग्रॅम तपासला. तक्ता तपासला. जुन्या फाइलीत त्या जागी काय आकडे आहेत तेही एकेक करून ऐकले. या वेळी प्रत्येक अक्षरावर ती कळ मी तीनदा दाबली.

"सर, आपल्याकडून नाही झालं. मूळ फाइलीतच तसं आहे."

आम्ही खंडागळ्यांना बोलावलं. त्यांनी कपाटातून छापील पुस्तक काढलं, पान उघडलं आणि वाचलं. मग पहिलं पान उलटून पाहिलं. अकरावी आवृत्ती होती. पहिली एकोणीस वर्षांपूर्वीची.

"एवढ्या वर्षांत कुणालाच दिसलं नाही?" ते म्हणाले.

मी श वर गेले, त्याचा पाय मोडला, आणि य घातला.